पलटणीतून आयटीत : सीमाभागातील सैनिकांचे प्रश्न

बेळगाव शहराला आणि भोवतालच्या खेड्यांना लष्कर नवे नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेजिमेंटल सेंटर शहरात आहे, हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र सांबऱ्याला आहे, आणि येळ्ळूर, कडोली, उचगावपासून खानापूर तालुक्यातल्या घाटमाथ्यापर्यंत असे गाव सापडणे कठीण, जिथे एकाही घराच्या सोप्यात गणवेशातला फोटो लावलेला नाही. तरीही पेन्शनीवर आल्यावर पुढे काय, या प्रश्नाला आपल्याकडे दोन-तीनच उत्तरे ठरून गेली आहेत : बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहणे, उद्यमबागेतल्या एखाद्या कारखान्यात सुरक्षा विभागात लागणे, नाहीतर शेती. यातले कोणतेही काम कमी प्रतीचे नाही. पण गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांतून माहिती तंत्रज्ञानाबद्दल इतके प्रश्न विचारले गेले आहेत की, हे सदर या वेळी संपूर्ण त्यालाच दिले आहे. उत्तरे देणारा मी स्वतः सिग्नल्समधून, म्हणजे लष्कराच्या दळणवळण विभागातून, हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि त्यानंतर पुण्यात नेटवर्कच्या देखरेखीचे काम करत आलो. त्यामुळे जे केले आणि पाहिले आहे, तेवढ्याच आधारावर लिहितो.

प्रश्न : मी सिग्नल्समध्ये हवालदार आहे. वय ३६, सेवा १६ वर्षे. आणखी दीड वर्षाने घरी येईन. शिक्षण बारावीपर्यंत, तेही मराठी माध्यमातून. सुरुवातीला रेडिओ आणि लाइनचे काम केले, गेली चार वर्षे स्विच, राउटर आणि फायबरवर आहे. गावातली इंजिनिअर झालेली मुले सांगतात की आयटीत यायचे तर कोडिंग शिकावेच लागेल. या वयात ते जमेल का, याची धास्ती वाटते. सुरुवात कुठून करावी? (एक वाचक, खानापूर तालुका)

उत्तर : कोडिंगची धास्ती तूर्त बाजूला ठेवावी. त्या मुलांचा आयटी म्हणजे सॉफ्टवेअर लिहिणे, असा समज असणे स्वाभाविक आहे, कारण कॉलेजात त्यांना तेच शिकवले जाते. पण लिहिलेले सॉफ्टवेअर ज्या सर्व्हरवर चालते आणि ज्या जाळ्यातून लोकांपर्यंत पोचते, ते सर्व्हर आणि ते जाळे चोवीस तास जागे ठेवणारा एक मोठा वर्ग या क्षेत्रात आहे. बँकेचे एटीएम, रुग्णालयाची नोंदणी, कारखान्याचा हिशेब यांपैकी काहीही रात्री दोन वाजता बंद पडले, तर ते पहिल्यांदा त्याच वर्गाला कळते. या देखरेखीच्या खोलीला नेटवर्क ऑपरेशन्स सेंटर म्हणतात आणि बोलताना सगळे ‘नॉक’ म्हणतात. आपण गेली चार वर्षे जे करत आहात, त्याला सगळ्यात जवळचे नागरी काम हेच आहे.

माझी त्या खोलीतली पहिली रात्रपाळी मला लख्ख आठवते. भिंतीवर मोठा पडदा, त्यावर शंभरेक जोडण्यांची हिरवी यादी, आणि सव्वादोनच्या सुमारास त्यातली एक ओळ लाल झाली. शेजारच्या दोन तरुण अभियंत्यांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त माहिती होती, पण ते दोघेही लगेच दुरुस्तीच्या मागे लागले. मला दुरुस्ती येत नव्हती, म्हणून सिग्नल सेंटरमध्ये जे करत होतो तेच केले. घड्याळ पाहून लिहिले : ०२:१४, अमुक शाखेची मुख्य जोडणी बंद, ०२:१६, पर्यायी मार्ग चालू असल्याची खात्री केली, ०२:२०, सेवा देणाऱ्या कंपनीला फोन, तक्रार क्रमांक घेतला, ०२:५०, पुन्हा फोन, माणूस निघाल्याचे सांगितले. सकाळी पाळी बदलताना साहेबांनी ती नोंद वाचली आणि दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक पाळीची नोंद त्याच पद्धतीने लिहिण्याची सूचना सर्वांना दिली. सांगायचे ते एवढेच की ड्युटीची लॉग लिहिणे, हँडिंग-टेकिंग ओव्हर नीट करणे, आपल्या आवाक्याबाहेरची गोष्ट वेळ न दवडता वरच्याला कळवणे, या सवयी तिथे लोकांना मुद्दाम शिकवाव्या लागतात. आपल्याकडे त्या सोळा वर्षांच्या आहेत.

सवयींवर नोकरी मिळते असे मात्र नाही. आपल्याला नेटवर्किंग येते, हे कागदावर आणि तोंडी परीक्षेत सिद्ध करावे लागते. त्यासाठी सिस्को कंपनीची सीसीएनए ही परीक्षा अजूनही सगळ्यांत जास्त ओळखली जाते. सध्या तिचा क्रमांक २००-३०१ आहे, वेळ दोन तासांची, शुल्क ३०० डॉलर अधिक कर, आणि प्रमाणपत्र तीन वर्षे चालते. शुल्क थोडे नाही, म्हणून तयारी पूर्ण झाल्याशिवाय अर्ज करू नये. तयारीला मात्र फारसा खर्च येत नाही. सिस्कोचेच पॅकेट ट्रेसर हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. त्यात राउटर, स्विच आणि संगणक पडद्यावर मांडून खऱ्यासारखे जोडता येतात. रोज एक तास त्यात घालवला तर सहा-आठ महिन्यांत हात बसतो, असा माझा अनुभव आहे.

आपल्यासारख्यांचे घोडे नेमके कुठे अडते, तेही सांगतो. पलटणीत आपण उपकरण ठरलेल्या क्रमाने चालू करायला शिकतो, पण ते तसे का चालते याच्या खोलात जाण्याची गरज दर वेळी पडत नाही. मुलाखतीत विचारतात ते नेमके हेच ‘का’. समजा, एका कार्यालयाला चोवीस बिटांचे सबनेट, म्हणजे जाळ्यातल्या पत्त्यांचा एक गट, दिले आहे. त्यात एकूण २५६ पत्ते असतात, पण यंत्रांना देता येतात २५४, कारण पहिला पत्ता त्या जाळ्याचे नाव म्हणून राखलेला असतो आणि शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारण्यासाठी. आता तेच जाळे चार विभागांत सारखे वाटायचे असेल, तर प्रत्येक विभागाला ६४ पत्ते येतात आणि वापरायला ६२ उरतात. हे गणित कागदावर, कॅल्क्युलेटर न घेता, मिनिटभरात करता आले पाहिजे. सुरुवातीला मला ते जमत नव्हते. बराकीत झोपण्यापूर्वी वहीत रोज दहा उदाहरणे सोडवत गेलो, तेव्हा दोन महिन्यांनी जमले.

त्याच्या जोडीला लिनक्स ही संगणकाची कार्यप्रणाली शिकावी, कारण जगातले बहुतेक सर्व्हर तिच्यावर चालतात. जुना लॅपटॉप पुरतो. ८ जीबी मेमरी असली की झाले. व्हर्च्युअलबॉक्स हे एका संगणकात दुसरा संगणक चालवणारे फुकट सॉफ्टवेअर घालून त्यात उबुंटू, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, चढवावे, एक साधा वेब सर्व्हर उभा करावा, मग तो मुद्दाम बिघडवावा आणि पुन्हा चालू करावा. वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा ५३ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे सर्व्हरच्या दारावर, सुरक्षित वेबसाइट ४४३ वर, दुरून सर्व्हरमध्ये शिरण्याची सोय २२ वर, असे पाठांतर आपोआप होत जाते. जमेल तसे पायथॉन या भाषेतले कोडिंगही थोडे शिकावे, पण ते नंतर. शंभर स्विचवर एकच बदल हाताने करण्याचा कंटाळा आला की त्याची गरज आपल्यालाच जाणवेल.

इंग्रजीबद्दल आपण उघड विचारलेले नाही, पण मराठी माध्यमाचा उल्लेख केला आहे, त्यावरून काळजी कळली. मीही गावच्या मराठी शाळेतच शिकलो. या कामातले लेखी इंग्रजी छोट्या वाक्यांचे असते : काय घडले, किती वाजता, कोणाला कळवले, आता काय स्थिती आहे. रोज रात्री दिवसभरातल्या एका घटनेची अशी पाच वाक्ये लिहावीत आणि ती मोठ्याने वाचावीत. बोलण्याची भीड बोलूनच मोडते, तिला दुसरा उपाय मला सापडला नाही.

आता पदवीचा प्रश्न, कारण इथे पुष्कळ जणांची फसगत होते. दहावी उत्तीर्ण आणि १५ वर्षांची सेवा असलेल्या माजी सैनिकाला केंद्र सरकारच्या क गटातील त्या पदांसाठी पदवीधराच्या बरोबरीने धरले जाते, जिथे पदवी लागते पण तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता आवश्यक नसते. हे प्रमाणपत्र जरूर घ्यावे, जपून ठेवावे. पण खासगी आयटी कंपनी त्याला पदवी म्हणून मान्य करील, असे गृहीत धरू नये. म्हणून सेवेत असतानाच इग्नूच्या (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या) बीसीए या संगणकाच्या पदवी अभ्यासक्रमाला नाव घालावे. बारावी झालेल्याला त्याला प्रवेश मिळतो, किमान तीन वर्षांचा आहे आणि सहा वर्षांपर्यंत पुरा करता येतो. आज सुरू केलेत तर घरी येईपर्यंत निम्मी वाट संपलेली असेल, आणि अर्जात ‘बीसीए, शिक्षण चालू’ असे लिहिता येईल.

शेवटची गोष्ट पुनर्वसन महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीआरच्या, अभ्यासक्रमांची. निवृत्ती जवळ आलेल्या जवानांना आणि जेसीओंना (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) ते विनाशुल्क करता येतात. आपल्या युनिटच्या कार्यालयात यादी येते. ती आपल्यापर्यंत पोचेल अशी वाट न पाहता, स्वतः जाऊन विचारावी. नेटवर्किंगचा किंवा सायबर सुरक्षेचा अभ्यासक्रम मिळाला तर उत्तम. घराजवळ आहे म्हणून नको तो अभ्यासक्रम पत्करून सुट्टीसारखे दिवस काढणारे मी बरेच पाहिले आहेत, आणि नंतर हळहळणारेही तेच.

प्रश्न : मी मराठा लाइट इन्फन्ट्रीतून नायक म्हणून गेल्या वर्षी निवृत्त झालो. संगणकाचा संबंध फारसा आला नाही. सगळी सेवा रायफल, गस्त आणि पुढे इन्स्ट्रक्टर म्हणून ट्रेनिंगमध्ये गेली. माझ्यासारख्याने या क्षेत्राचा विचार करावा का? (एक वाचक, बेळगुंदी)

उत्तर : विचार करावा, पण आपला रस्ता वरच्या वाचकांपेक्षा लांबचा आहे हे आधी मान्य करून. आपल्याला निदान दोन वर्षे धरून चालावे लागेल, आणि त्या दोन वर्षांत घरच्यांनी आपल्याकडून मोठ्या पगाराची अपेक्षा ठेवू नये, एवढे बोलून घ्यावे. पेन्शन चालू आहे, ही आपली मोठी ताकद आहे. खासगी नोकरी धरल्याने ती कमी होत नाही.

पहिले दोन महिने पैसे खर्च न करता स्वतःला अजमावून पाहावे. संगणक उघडून त्यातले भाग ओळखणे, विंडोज नव्याने चढवणे, प्रिंटर जाळ्याला जोडणे, केबल तयार करणे. केबलचे काम तर अवश्य करावे. खडेबाजारात किंवा जवळच्या कुठल्याही संगणकाच्या दुकानात क्रिंपिंगचा पाना, थोडी केबल आणि दहा-वीस कनेक्टर मिळतात. केबल सोलली की आत आठ बारीक तारा निघतात, दोन-दोनच्या पिळ्यात. त्या सरळ करून ओळीने लावायच्या : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मधे निळी जोडी येते, आणि नवा माणूस हमखास तिथेच चुकतो. तारा एका रेषेत कापल्या, कनेक्टरमध्ये शेवटपर्यंत सरकवल्या, वरचे आवरणही आत गेले आहे ना ते पाहिले, की मग पाना दाबायचा. पहिल्या दहांतल्या सहा-सात वाया जातील. तरीही अकरावी करावीशी वाटली, तर आपण या कामाचे आहात. दोन महिन्यांत जीव वैतागला, तर ते वेळीच कळले, असे समजावे आणि दुसरी वाट धरावी. त्यात कमीपणा नाही.

मन रमले तर शिरण्याची दारे अशी : मोठ्या कार्यालयांतला आयटी हेल्पडेस्क, डेटा सेंटरमध्ये प्रत्यक्ष यंत्रे बसवणारे आणि बदलणारे पथक, आणि काही काळाने सुरक्षेची देखरेख. इन्स्ट्रक्टर म्हणून काम केल्यामुळे घाबरलेल्या, चिडलेल्या माणसाला पायरीपायरीने सांगणे आपल्याला येते. हेल्पडेस्कवर दिवसभर तेच करायचे असते.

सुरक्षेच्या देखरेखीबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण गस्त घातलेल्या माणसाचा ओढा तिकडे असतो. सर्ट-इन या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांप्रमाणे, ठरावीक प्रकारची सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवावी लागते आणि यंत्रांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. म्हणजे त्या नोंदी कोणीतरी सतत पाहत राहणे आले. सर्व्हरच्या लॉगइनची नोंद उघडली की एकाच पत्त्यावरून मिनिटाला वीस-तीस वेळा चुकीचा पासवर्ड टाकलेला दिसतो, त्याच वेगाने, रात्रभर. आणि मग पहाटे एकदा बरोबर पडलेला. त्या शेवटच्या ओळीवर ज्याची नजर थांबते, तो माणूस त्या खोलीत हवा असतो. पण ती ओळ वाचता येण्यासाठी आधी नेटवर्क आणि लिनक्स यायला हवे. थेट ‘एथिकल हॅकर’ बनवून देतो, असे सांगणाऱ्या जाहिरातींकडे पाठ फिरवावी.

दरम्यान सरकारी वाटही बंद करू नये. केंद्र सरकारच्या क गटातील पदांत माजी सैनिकांना १० टक्के, आणि सरकारी बँका व सार्वजनिक उपक्रमांत अपंग माजी सैनिक व शहीद जवानांचे अवलंबित धरून १४.५ टक्के आरक्षण आहे. क गटासाठी वय मोजताना खऱ्या वयातून सेवेची वर्षे वजा करतात आणि वर तीन वर्षांची सवलत मिळते; आपले वय ३५ आणि सेवा १६ वर्षे असेल, तर वजाबाकीनंतर १९ उरतात. एवढी मोकळी मुभा असताना बँकेची परीक्षा देऊन न पाहणे बरोबर नाही. बेळगावच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आणि आर्मी वेल्फेअर प्लेसमेंट ऑर्गनायझेशनकडे नाव नोंदवले नसेल, तर या आठवड्यातच नोंदवावे.

प्रश्न : माझे पती तीन महिन्यांपूर्वी निवृत्त होऊन आले. एका मोठ्या शहरातली संस्था एक लाख ऐंशी हजार रुपयांत सहा महिन्यांचा क्लाउड कोर्स आणि नोकरीची हमी देते आहे. ग्रॅच्युइटीचे पैसे आले आहेत आणि यांचे मन तयार झाले आहे. मला मात्र झोप लागत नाही. काय करावे? (एक भगिनी, निपाणी)

उत्तर : ताई, आपली झोप उडाली ते योग्यच झाले, असे मला म्हणावे लागते, कारण माझ्या घरी हीच वेळ आली होती आणि तेव्हा आम्ही दोघेही शांत झोपलो होतो. निवृत्तीनंतर मी अशाच एका संस्थेत ऐंशी हजार भरले. पहिला महिना शिकवले, दुसऱ्या महिन्यात शिक्षक बदलला, तिसऱ्यात वर्ग रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओवर आला. हमीची नोकरी म्हणून जे दाखवले, ते फोनवर कर्ज विकण्याचे काम होते. ते नाकारले तेव्हा ‘आम्ही संधी दिली होती’ म्हणून त्यांनी हात वर केले, आणि करारात खरोखर तसेच लिहिले होते. मी सही करताना वाचले नव्हते. सतरा वर्षे ज्या माणसांत काढली ती दिलेला शब्द पाळणारी होती. बाहेर आल्यावर प्रत्येक बोलणारा माणूस तसाच असेल, असे धरून चाललो.

म्हणून पतींना माझे एवढेच सांगणे पोचवावे : पैसे देण्यापूर्वी तो करार घरी आणावा आणि दोघांनी मिळून, गरज पडली तर ओळखीच्या वकिलाला दाखवून, वाचावा. ‘नोकरीची हमी’ आणि ‘नोकरीसाठी साहाय्य’ हे दोन शब्दप्रयोग त्यात कुठे आणि कसे वापरले आहेत, ते पाहावे. संस्थेतून मागच्या वर्षी बाहेर पडलेल्या चार जणांशी, संस्थेने निवडून दिलेल्या नव्हे तर आपण शोधलेल्या, फोनवर बोलावे. शुल्क हप्त्याने घ्यायला संस्था तयार नसेल, तर तिथेच थांबावे. आणि अनुभवाचे खोटे पत्र बनवून देण्याची भाषा कोणी केली, तर ती संस्था कितीही नावाजलेली असो, त्या दारात पुन्हा जाऊ नये. आयटी कंपन्या नोकरी देताना मागचा सगळा तपास करतात. खोटे पत्र उघडे पडले की नोकरी तर जातेच, वर सोळा-सतरा वर्षांच्या सेवेने कमावलेले नावही जाते.

ग्रॅच्युइटीला सहा महिने हात लावू नये. त्या काळात स्वयम आणि एनपीटेल या सरकारी व्यासपीठांवरचे वर्ग करावेत. शिकायला काही पडत नाही, प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची तरच हजार रुपयांच्या आसपास भरावे लागतात. क्लाउडमधल्या, म्हणजे इंटरनेटवरून सर्व्हर भाड्याने देणाऱ्या, मोठ्या कंपन्याही प्राथमिक शिक्षण फुकट देतात. मात्र तिथे सरावासाठी खाते उघडताना कार्डाचा क्रमांक द्यावा लागतो आणि चालू ठेवलेले यंत्र विसरले तर बिल येते, म्हणून खर्चाची सूचना येण्याची सोय पहिल्याच दिवशी लावून घ्यावी. सहा महिने हे नेटाने केले आणि तरीही शिक्षकाची गरज वाटली, तर तेव्हा क्लासचा विचार करता येईल. तोवर त्यांना संस्थेला काय विचारायचे, तेही कळू लागलेले असेल.

पतींशी बोलताना ‘तुम्हाला फसवतील’ असे म्हणू नये. घरी बसल्यापासून आपण कुणाच्या उपयोगाचे नाही, असे त्यांना आतून वाटत असते. मलाही वाटत होते, आणि घाई त्यातूनच झाली. रोज सकाळी ठरलेल्या वेळी अभ्यासाला बसण्याची जागा त्यांना घरात करून द्यावी. टेबल नसेल तर देवघरासमोरची रिकामी जागाही चालेल. वेळेचे बंधन पुन्हा मिळाले की माणूस सावरतो.

प्रश्न : बायोडेटात लष्करातल्या कामाबद्दल किती लिहावे? (एक वाचक, चिक्कोडी)

उत्तर : काम लिहावे, ठिकाण लिहू नये. ‘बारा जणांच्या गटाचा प्रमुख, चोवीस तास चालणाऱ्या दळणवळण केंद्राची पाळी सांभाळली, फायबर जोडणी व दुरुस्ती, नव्या जवानांना प्रशिक्षण’ एवढे पुष्कळ झाले. युनिटचे स्थान, उपकरणांची नावे, जाळ्याचे आराखडे, तैनातीच्या तारखा आणि चौकीवरचे फोटो यांपैकी काहीही बायोडेटात किंवा लिंक्डइनवर जाता कामा नये. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा निवृत्तीनंतरही लागू राहतो. मुलाखतीच्या नावाखाली कोणी फोनवर युनिटची माहिती काढू लागले, तर ती मुलाखत नाही असे समजून फोन ठेवावा आणि त्याची खबर द्यावी. ‘हवालदार’, ‘नायब सुभेदार’ हे हुद्दे नागरी माणसाला कळत नाहीत, म्हणून हाताखाली किती माणसे होती आणि कशाची जबाबदारी होती, ते आकड्यांत सांगावे.

प्रश्न : माझा मुलगा अग्निवीर आहे. चार वर्षे संपत आली. कायम होईल की नाही, सांगता येत नाही. त्याला संगणकाची आवड आहे. त्याने परत आल्यावर काय करावे? (एक वडील, कडोली)

उत्तर : दर शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस कायम होतात, म्हणून दोन्ही तयाऱ्या आतापासूनच हव्यात. बाहेर आला तर त्याला पेन्शन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही, त्यामुळे वरच्या उत्तरांतले आरक्षण त्याला त्याच नियमाने लागू होणार नाही. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत माजी अग्निवीरांसाठी जागा राखल्या आहेत, ती वाट वेगळी. पण त्याच्याकडे जे आहे ते वरच्या तिन्ही वाचकांकडे नाही : वय. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी तो तीन वर्षे नीट बसून शिकू शकतो, आणि सेवा निधीचे सुमारे ११.७१ लाख रुपये त्याच्या हाती असतील.

त्या पैशातून गाडी घेऊ नये, घराचा स्लॅब टाकू नये. निदान शिक्षणाचा खर्च आधी बाजूला काढून ठेवावा. हे लिहिताना आपल्या भागातल्या घरांची ओढाताण मला ठाऊक आहे, बहिणीचे लग्नही समोर असेल, तरीही मी हेच लिहीन. बारावी झालेली असेल तर पूर्णवेळ बीसीए किंवा शक्य असेल तर अभियांत्रिकी. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावातच आहे आणि त्याच्याशी संलग्न महाविद्यालये शहरात आहेत, म्हणजे घरून जाऊन-येऊन शिकता येईल. सेवेतल्या कौशल्य-प्रशिक्षणाला निम्मे श्रेयांक देणारा पदवीचा अभ्यासक्रम इग्नूने अग्निवीरांसाठी आखलेला आहे, त्याचीही चौकशी त्याने युनिटमध्येच करावी. दहावीवर भरती झाला असेल, तर बारावीची समकक्षता मिळवण्याची व्यवस्था राष्ट्रीय मुक्त विद्यालयामार्फत केलेली आहे. ते काम सेवेतून बाहेर पडण्यापूर्वी उरकावे.

आणि काका, तो परत आला तर गावात कुणी ‘काढून टाकला’ असे म्हणेल. म्हणू द्यावे, पण घरात तो शब्द येऊ देऊ नये.

प्रश्न : बेळगावात, आपल्या गावी राहूनच हे काम करता येईल का? कन्नड कितपत लागते? (तीन वाचकांनी थोड्याफार फरकाने हाच प्रश्न विचारला आहे.)

उत्तर : पहिली दोन वर्षे बाहेर काढावीत. बेळगाव, हुबळी, कोल्हापूर या भागात आयटीची कामे आहेत, पण नवशिक्याला शेजारी बसून शिकवणारी माणसे आणि मोठी यंत्रणा पुण्यात किंवा बंगळुरात जास्त मिळते. संध्याकाळी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसमध्ये बसले की सकाळी बंगळूर, आणि पुणे तर त्याहून जवळ. सियाचीन आणि ईशान्य भारतात राहून आलेल्या माणसाला हे अंतर जड वाटू नये. कर्नाटक सरकारच्या नोकरीसाठी कन्नडची परीक्षा द्यावी लागते. आयटी कार्यालयात कामाची भाषा इंग्रजी असली, तरी बंगळूरच्या डेटा सेंटरमध्ये वीज, वातानुकूलन आणि पहारा सांभाळणारी माणसे कन्नड बोलतात, आणि रात्री तीन वाजता त्यांच्याकडूनच काम करून घ्यायचे असते. बाजारापुरते कन्नड आपल्या बहुतेकांना येतेच. ते वाचण्या-लिहिण्यापर्यंत नेले, तर मराठी, कन्नड, हिंदी आणि कामापुरते इंग्रजी अशा चार भाषा जाणणारा माणूस कुठल्याही सपोर्टच्या पथकाला हवा असतो.

दोन-तीन वर्षांनी घरून काम करण्याची मुभा मिळवून परत येता येते. मी स्वतः आता महिन्यातले निम्मे दिवस गावाहून काम करतो. त्यासाठी दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या इंटरनेट जोडण्या आणि चार तास चालेल असा इन्व्हर्टर लागतो. ज्यांचे घर जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला आहे, त्यांनी तर निर्णय घेण्यापूर्वी जुलैमध्ये आठवडाभर तिथे राहून, दोन्ही जोडण्या किती वेळा आणि किती मिनिटे तुटतात, ते वेळेसह वहीत लिहून पाहावे.